मुंबईतील जुन्या सोसायटीचा पुनर्विकास : आधी कागद, मग हिशेब, मग विकासक

मुंबईला आडवे पसरायला आता जागा उरलेली नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि उत्तरेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशा मर्यादेत हे शहर वाढते आहे. त्यामुळे त्याची पुढची वाढ मोकळ्या जमिनीवर होणार नसून, आज जिथे माणसे राहत आहेत त्याच जमिनींवर होणार आहे. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांपर्यंत उतरली, तर उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली. उपनगरांतील तीन-चार मजली जुन्या सोसायट्यांना आज जी मागणी आहे तिचे मूळ या स्थलांतरात आणि जागेच्या टंचाईत आहे.

सभासदांच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे, कारण पदरचे पैसे न घालता मोठे आणि मजबूत घर मिळण्याचा दुसरा मार्ग मध्यमवर्गीय मुंबईकराला सहसा नसतो. धोकाही तितकाच खरा आहे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरमधील पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला, प्रकल्प रखडला, २०१८ मध्ये म्हाडाने तो करार रद्द केला आणि रहिवाशांना स्वतःच्या घरासाठी दशकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. बहुतेक सोसायट्या फसतात त्या वाईट हेतूच्या विकासकामुळे जितक्या, तितक्याच पावलांचा क्रम उलटा झाल्यामुळे. आधी बिल्डर येतो, आकडा सांगतो, सभासद हरखतात आणि कागदपत्रांचा शोध त्यानंतर सुरू होतो. पुढील विवेचन हा क्रम सरळ करण्यासाठी आहे. ते नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांपुरतेच आहे, कारण उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) पागडीच्या इमारती, म्हाडाच्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसन यांचे नियम आणि संमतीच्या अटी वेगळ्या आहेत.

जमीन कोणाच्या नावावर आहे

पहिले काम नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढण्याचे. अनेक सोसायट्यांना तेव्हा प्रथमच कळते, की चाळीस वर्षे कर भरूनही जमीन मूळ मालकाच्या किंवा इमारत बांधणाऱ्या बिल्डरच्याच नावावर आहे. अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणे, झालेले नसेल, तर १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका अधिनियमानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) अर्ज करता येतो, आणि मूळ बिल्डर सहकार्य करत नसला तरी हा मार्ग बंद होत नाही. “ते काम आम्ही करून घेऊ” असे विकासक हमखास सांगतात. ते मान्य करू नये. जमीन सोसायटीच्या नावावर झाल्यानंतर बोलणी करणारी समिती आणि त्याआधी बोलणी करणारी समिती यांच्या शब्दाला मिळणाऱ्या वजनात फार मोठा फरक असतो.

मालमत्ता पत्रकावरील क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष मोजणी यांत तफावत असते, म्हणून मोजणी करून घ्यावी. महापालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय घ्यावा. भूखंडावर एखादे आरक्षण आहे का, रस्ता रुंदीकरणात काही भाग जातो का, हे त्यातून समजते. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्यास संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. तिचा अहवाल प्रामाणिक असावा. इमारत दुरुस्तीने टिकणार असेल तर ती घाईने धोकादायक ठरवून घेऊ नये, कारण सी-१ या अतिधोकादायक श्रेणीचा शिक्का बसल्यावर घरे रिकामी करण्याची नोटीस येते आणि वाटाघाटीसाठी लागणारा वेळच सोसायटीच्या हातून निघून जातो.

भूखंडात किती घर बसते

कोणताही देकार ऐकण्यापूर्वी सोसायटीने स्वतःच्या खर्चाने वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमून व्यवहार्यता अहवाल तयार करून घ्यावा. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) बेट शहरात, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यात, १.३३ आणि उपनगरांत १ आहे. त्यावर प्रीमियम (जादा क्षेत्रासाठीचे शुल्क) भरून मिळणारे क्षेत्र आणि टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) यांची भर पडते, आणि ही भर मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. नियम ३३(७)(ब) नुसार तीस वर्षांहून जुन्या सोसायट्यांना सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जे अधिक असेल तितके क्षेत्र प्रोत्साहन म्हणून मिळते. या सर्वांवर ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे निर्देशांकाबाहेरचे पूरक क्षेत्र, आणि जुन्या सभासदांच्या वाट्याचे फंजिबल प्रीमियमशिवाय.

परंतु कागदावर मिळणारे क्षेत्र प्रत्यक्षात बांधता येईलच असे नाही. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर या भागांत विमानतळामुळे उंचीवर मर्यादा येते; किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम आणि लष्करी आस्थापनांजवळ त्यांचे निर्बंध लागू होतात. म्हणून शेजारच्या उपनगरातील मित्राच्या सोसायटीला किती टक्के जादा क्षेत्र मिळाले, हा मुंबईतील सर्वांत आवडता संवाद निर्णयाच्या कामाचा नाही. लहान भूखंडाच्या सोसायट्यांनी लगतच्या सोसायटीबरोबर एकत्र पुनर्विकासाचा विचार अवश्य करावा. एकेकट्या उभ्या राहिलेल्या अरुंद टॉवरांनी अनेक गल्ल्यांचा श्वास कोंडला आहे, आणि एकत्रीकरणाने मोकळी जागा, अग्निशमन बंबाची वाट व वाहनतळ या तिन्ही गोष्टी सुधारतात.

सभा आणि निवड

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली राज्य शासनाने २००९ मध्ये दिलेले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारलेले निर्देश ही या प्रक्रियेची चौकट आहे. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, ५१ टक्के सभासदांची संमती, सभेचे चित्रीकरण, निविदा मागवणे आणि विकासक निवडीच्या सभेला उपनिबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती या त्यातल्या मुख्य गोष्टी. न्यायालयांनी हे निर्देश प्रसंगी मार्गदर्शक स्वरूपाचे मानले आहेत. तरीही सोसायटीने ते तंतोतंत पाळावेत, कारण पुढे एखादा सभासद न्यायालयात गेला तर स्वच्छ इतिवृत्तच समितीच्या बाजूने बोलते. विरोध करणाऱ्या सभासदाचे म्हणणे लेखी घ्यावे आणि त्याला लेखी उत्तर द्यावे. पुष्कळदा त्याच्याच शंकांतून करारातील पळवाटा उघड होतात.

सर्वाधिक क्षेत्र देऊ करणारा विकासक सर्वोत्तम असतोच असे नाही. अहवालातील हिशेबात जे बसत नाही ते देऊ करणारा एक तर अर्ध्यावर थांबतो किंवा नंतर फेरवाटाघाटी मागतो. विकासकाच्या पूर्ण झालेल्या दोन-तीन पुनर्विकास प्रकल्पांत जाऊन तिथल्या जुन्या सभासदांशी बोलावे, आणि बांधकामाच्या काळात बाहेर राहण्यासाठी विकासकाकडून भाडे वेळेवर मिळत होते का, हाच प्रश्न आधी विचारावा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याच्या चालू प्रकल्पांच्या मुदतवाढी पाहता येतात.

करार

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. सभासदांमध्ये एक मोठा गैरसमज आहे, की प्रकल्प महारेरात नोंदलेला असला म्हणजे आपण सुरक्षित. रेरा कायद्याचे संरक्षण प्रामुख्याने विकासक नव्या इमारतीतील ज्या जादा सदनिका बाहेर विकतो त्या विकत घेणाऱ्यांसाठी आहे. जुन्या सभासदाची खरी ढाल म्हणजे विकास करारनामा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार. दोन्ही नोंदणीकृत असावेत आणि वकील सोसायटीचा स्वतःचा असावा.

क्षेत्रफळ रेराच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रातच (कार्पेट, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र) लिहावे. भिंती किंवा सामाईक जागा धरून फुगवलेल्या बिल्टअप किंवा सुपर बिल्टअपचा उल्लेख नको. प्रत्येकाच्या सदनिकेचा नकाशा कराराला जोडावा. भाडे दरवर्षी किती वाढेल आणि ते ताबा मिळेपर्यंत चालू राहील, हे स्पष्ट असावे. निश्चित महिन्यांची मर्यादा घातलेली असेल तर ती काढून घ्यावी. कॉर्पस (विकासकाने द्यायचा एकरकमी निधी), स्थलांतराचा खर्च, दलाली, जीएसटी आणि मुद्रांक शुल्क कोणी भरायचे, हे मोघम ठेवू नये. बँक हमीबाबत शासनाच्या निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के असा उल्लेख आहे. विकासक ती टाळतात, आणि नेमकी तिथेच समितीने ठाम राहायला हवे, कारण काम बंद पडल्यावर भाड्याचे धनादेश वटत नाहीत आणि तेव्हा ही हमी हाच एकमेव रोख आधार उरतो. काम ठरल्या मुदतीपलीकडे लांबल्यास करार संपवण्याचा आणि दुसरा विकासक नेमण्याचा अधिकार सोसायटीकडे राहील, तसेच सोसायटीची जमीन गहाण टाकता येणार नाही, ही कलमे नसतील तर सही करू नये.

घर रिकामे करणे

महापालिकेची बांधकामाला मंजुरी, बँक हमी, नोंदणीकृत करार आणि पहिल्या वर्षाचे भाडे हातात आल्याशिवाय किल्ल्या देऊ नयेत. “सगळे निघाले, तुम्हीच अडून बसलात” हा दबाव ज्येष्ठ नागरिकांवर फार येतो. समितीने त्यांच्यामागे उभे राहावे, त्यांना जवळपास भाड्याचे घर शोधून द्यावे, आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या नामनिर्देशनाची कागदपत्रे याच टप्प्यावर पूर्ण करून घ्यावीत.

विकासकाशिवायचाही मार्ग आहे. स्वयंपुनर्विकासात सोसायटी स्वतः कर्ज घेऊन कंत्राटदार नेमते आणि विक्रीच्या सदनिकांचा नफा सभासदांना मिळतो. राज्य शासनाने २०१९ मध्ये त्यासाठी सवलती जाहीर केल्या आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशा प्रकल्पांना कर्ज देते. एकोपा, स्वच्छ मालकी आणि रोज दोन तास देऊ शकणारे चार-पाच सभासद असतील तरच हा मार्ग धरावा.

नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक वाहनतळ यांमुळे मासिक देखभाल खर्च जुन्या इमारतीच्या कित्येक पट होतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला तो पेलणार आहे का, याचा अंदाज निविदेच्या वेळीच मांडावा आणि कॉर्पस त्या हिशेबाने मागावा. जादा क्षेत्राचा मोह थोडा आवरून त्या बदल्यात मोठा कॉर्पस घेणे अनेक कुटुंबांच्या हिताचे ठरते, असे माझे ठाम मत आहे.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा स्वीकारू नये. त्याविना पाण्याची जोडणी आणि मालमत्ता कर या दोन्हींत वर्षानुवर्षे अडचणी राहतात. ताबा घेताना मंजूर नकाशे, संरचनात्मक आराखडे, लिफ्टचा परवाना, अग्निशमन दलाचे अंतिम ना-हरकत पत्र आणि यंत्रसामग्रीच्या हमीची कागदपत्रे मूळ प्रतीत सोसायटीच्या कार्यालयात जमा करून घ्यावीत, आणि नव्या सदनिकाधारकांना सभासदत्व देण्यापूर्वी विकासकाने सोसायटीला द्यायची सर्व देणी चुकती झाल्याची नोंद सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात करावी.