लाईट बिल ३०० युनिटच्या खाली आलं, गरम पाणी बंद न करता

एसी नाही, तरी बिल दर महिन्याला ३४० युनिटच्या पुढे. ३०० नंतर दर चढतो, म्हणून फटका मोठा. एलईडी दिवे लावले, फ्रिजचं रबर बदललं, उपयोग शून्य. बिलाच्या दिवशी घरात कुरबुर ठरलेली.

शेवटी एका रात्री दिवे-पंखे बंद करून मुलाला खाली मीटरपाशी उभं केलं आणि एकेक एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) पाडत गेले. मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता, म्हणजे वीज जास्त जात होती. गीझरचा एमसीबी पाडताच संथ झाला. सासूबाईंना केव्हाही गरम पाणी लागतं, म्हणून तो दिवसभर चालू. त्यात गरम पाण्याचा नळ गळका. खाली तांब्या ठेवला, तासाभरात काठोकाठ! गळेल तितकं गार पाणी आत येणार, तेही तापणार.

आधी पाणी बंद करून नळाचा वायसर बदलला. मग एमसीबी पाडून प्लंबरकडून थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग) ७५ वरून ५५ अंशांवर आणला. आता गीझर आंघोळीआधी २० मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मधल्या वेळेसाठी सासूबाईंजवळ मोठा थर्मास भरलेला असतो.

पुढचं बिल २८४ युनिट.