लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर पित्तनळी अरुंद झाली तर काय करायचं

बाबांना ट्रान्सप्लांटनंतर चार महिन्यांनी रात्रभर खाज सुटायची, तळपाय खाजवून खाजवून लाल व्हायचे, आम्हाला वाटलं कोरडी त्वचा असेल, खोबरेल लावत बसलो, पण खरं कारण पित्तनळी (लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणारी नळी) अरुंद झाली हे होतं. तसं करू नका. खाज, गडद लघवी, पांढरट शौच, पिवळे डोळे यातलं काहीही दिसलं की ट्रान्सप्लांट टीमला कळवा. आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा, नळीत इन्फेक्शन असू शकतं.

आधी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), सोनोग्राफी-डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), मग एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) होते. डॉपलर महत्त्वाचंच, लिव्हरची धमनी बंद असली तरी नळ्या खराब होतात. नव्या लिव्हरची नळी जिथे जोडलेली असते त्या जागी अरुंद असेल तर बहुतेकदा ईआरसीपी करतात, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून फुग्याने नळी रुंद करायची नि ती उघडी राहावी म्हणून आत स्टेंट (बारीक नळकांडं) ठेवायचा. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, असं वर्षभर चालू शकतं, म्हणून बदलायची तारीख कॅलेंडरवर मोठ्ठी लिहा, स्टेंट तुंबला की पुन्हा ताप. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. घरी आल्यावर पोटात जोरात दुखलं तर लगेच फोन करा, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. दुर्बिणीने जमलं नाही तर पोटाच्या त्वचेतून लिव्हरमधल्या पित्तनळीत बारीक ट्यूब घालतात, नाहीतर ऑपरेशन. टॅक्रोलिमस (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून असलेली गोळी) मात्र स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नका.