डोंगरावरच्या गल्लीत फायबर न्यायचं तर

विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर आमच्या घरचा केबलचा धंदा. वायर दिराच्या हातात. वही, वसुली आणि तक्रारींचा फोन माझ्याकडे. डिश आणि मोबाइलने केबलचे ग्राहक नेले तसे आम्ही फायबरकडे वळलो. आता मानखुर्दकडची, भांडुपकडची मंडळं विचारत येतात, "ताई, आमच्या वस्तीत कंपनी येतच नाही, करायचं काय?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

रस्त्यालगतच्या टॉवरमध्ये चार-चार कंपन्या भांडत असतात आणि मागच्या वस्तीचं नाव काढलं की "तिथे फीजिबल नाही" म्हणतात. त्यांच्या नकाशावर आपल्या गल्लीला नाव नसतं. दारावर सर्व्हेचा नंबर रंगवलेला असतो, पण तो ॲपला कळत नाही. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना वस्ती म्हणजे एक राखाडी ठिपका. म्हणून पहिलं काम आपलं: यादी. गल्लीवार लिहा: तळाला खोल्या किती, माळा भाड्याने दिलाय का, घरात फोन किती, महिन्याचे रिचार्ज किती. "इंटरनेट हवंय का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. रिचार्जचा आकडा विचारा. चार फोनांचे रिचार्ज जिथे होतात त्या बाईला हिशोब पटायला दोन मिनिटं लागतात. यादीला संध्याकाळी निघा, दुपारी घरात कोणी नसतं. दहावीचा निकाल आणि अकरावीचे ऑनलाइन फॉर्म यांच्या मधले दिवस साधले तर उत्तमच. अशी यादी घेऊन गेलात की कंपनीचा माणूस खुर्ची देतो.

मग प्रश्न येतो, कोणाच्या नावावर करायचं. सोपा मार्ग म्हणजे परवाना असलेल्या कंपनीचा स्थानिक भागीदार होणं: वायर आणि दुरुस्ती आपली, बिल त्यांचं, पैशात वाटा. वाटा तोंडी ठरवू नका. ओएलटी (म्हणजे जिथून सगळ्या घरांना फायबरने नेट सुटतं ते कंपनीकडचं मुख्य यंत्र) कोणाचं, राउटर कोणाचे, तुम्ही सोडून गेलात तर गल्लीतली वायर कोणाची, हे कागदावर घ्या. दुसरा मार्ग बरेच जण गुपचूप करतात: एक घरगुती कनेक्शन घ्यायचं आणि स्विच लावून दहा घरांना विकायचं. ते करू नका. कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. दहा घरांतल्या एकाने भलतंसलतं केलं तर पोलीस तुमच्या दारात. तिसरा मार्ग पीएम-वाणीचा, म्हणजे दुकानातून वायफाय विकायच्या सरकारी योजनेचा, तो शेवटी सांगते.

परवानगीत खरा वेळ जातो. मुख्य रस्ता खोदायचा तर तो भाग कंपनीवर सोडा. 1 जानेवारी 2025 पासून टेलिकॉमचे राइट ऑफ वेचे (रस्त्यातून, जागेतून वायर नेण्याच्या परवानगीचे) नवे नियम लागू आहेत, अर्ज त्यांनीच करायचा. फक्त पावसाळा तोंडावर असताना खोदकामाच्या भरवशावर बसू नका. विजेच्या खांबाला लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. वस्तीच्या आत मात्र परवानगी म्हणजे माणसं: मंडळाचा अध्यक्ष, चाळ कमिटी, महिला बचत गट, आणि ज्याच्या ज्याच्या पत्र्यावरून वायर जाणार तो प्रत्येक घरमालक. यातला एक तरी "मला फुकट द्या" म्हणणार. देऊ नका. ज्याला फुकट दिलं त्याचीच तक्रार सगळ्यात आधी येते, आणि सगळ्यात मोठ्या आवाजात. घरांच्या वायरी जिथून फुटतात ती पेटी त्याच्या भिंतीवर असेल तर बिलात ठरावीक सूट द्या आणि ती सगळ्यांना माहीत असू द्या.

आता वायर. पूर्वी छपराछपरांवरून लॅनची वायर जायची. तिची धाव शंभर मीटर, मग मध्ये स्विच, स्विचला वीज, वीज कोणाच्या तरी मीटरमधून. तो माणूस गावाला गेला, बटण बंद, अख्खी गल्ली बंद. पावसात वीज कडाडली की स्विच जळायचे ते वेगळंच. आता जीपॉन घ्या, म्हणजे एकाच फायबरमधून उजेडाने बऱ्याच घरांना नेट देणारी पद्धत. ओएलटीपासून घरातल्या डब्यापर्यंत (उजेडाचं नेट करून राउटरला देतो तो) मध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं. मधला स्प्लिटर एका वायरीतला उजेड नुसता अनेक वायरींत वाटतो. आमच्यासारख्या वस्तीला ही पद्धत यापेक्षा दुसऱ्या कुठल्या कारणासाठी आवडायची गरज नाही.

पण उजेडाचा हिशोब घरं जोडण्याआधी कागदावर मांडा. उजेड डीबीएममध्ये मोजतात, त्याची घट डीबीमध्ये. ओएलटीतून समजा अधिक 3 डीबीएम निघाला. गल्लीच्या तोंडाशी एकास आठचा स्प्लिटर, तो साधारण साडेदहा डीबी खातो. आत प्रत्येक फांदीवर आणखी एक एकास आठ, पुन्हा साडेदहा. एक किलोमीटर फायबर फार तर 0.35. सांधे आणि कनेक्टर मिळून दोन धरा. बेरीज झाली साडेतेवीसच्या आसपास, म्हणजे घरात उणे वीस-साडेवीस पोहोचेल. घरातला डबा उणे 27 पर्यंत तग धरतो, पण आम्ही उणे 24 च्या खाली गेलेलं कनेक्शन तसंच सोडून येत नाही. 3 डीबी कमी म्हणजे उजेड निम्मा, आणि पावसाळ्यात एवढं सहज जातं. या मांडणीत एका पोर्टवर 64 घरं होतात. पहिल्या दिवशी सगळी भरू नका. स्प्लिटरची काही बोटं (घराची वायर लागते ती टोकं) मोकळी ठेवा, नाहीतर नवं घर आलं की कोणीतरी तिसरा स्प्लिटर घुसवतो आणि शेवटच्या घरांचा उजेड संपतो. पॉवर मीटरवर आलेला आकडा घराच्या नावापुढे वहीत लिहा. सहा महिन्यांनी तक्रार आली की दुरुस्तीला तोच आकडा कामाला येतो.

ड्रॉप केबल, म्हणजे पेटीतून घरात जाणारी, बाजूला स्टीलची तार असलेली घ्या. आतलं फायबर जी.657 ए2 मागा, ते घराच्या कोपऱ्यात वळलं तरी सोसतं. साधं फायबर खिळ्याभोवती गुंडाळलं की मेलं. केबल पत्र्याच्या कडेवर टेकू देऊ नका. वाऱ्याने पत्रा थरथरतो आणि ती धार हळूहळू केबल कापते. प्रत्येक घराबाहेर हातभर वेटोळं जास्तीचं सोडा. उंची ठरवताना गणपतीची मिरवणूक कुठून जाते ते विचारून घ्या. आणि मे संपताना एक फेरी नक्की मारा, कारण तेव्हा सगळे छपरावर ताडपत्री बांधायला चढतात. दोरी कमी पडली की हाताशी आलेली काळी वायर ओढून ताडपत्रीला गाठ मारतात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पाऊस तोंडावर असतो. त्या दिवसांत आम्ही सुतळीचे गुंडे वाटतो, तुटलेली केबल जोडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. उंदरांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. नाल्याच्या बाजूने जाणारी केबल पाइपातून न्या, एवढंच.

हिरवं कनेक्टर हिरव्यातच, निळं निळ्यातच. जोडण्याआधी टोक पुसा, बोट लावू नका. हे दीर रोज नव्या पोरांना ओरडून सांगतो.

घरात राउटर टीव्हीमागे ठेवायची सगळ्यांना हौस. दहा बाय बाराच्या खोलीत चालूनही जातं, पण माळ्यावर पत्रा आणि लाद्या असतात, तिथे सिग्नल मरतो. शिडीच्या तोंडाशी उंचावर लावा, खाली-वर दोन्हीकडे पोहोचतो. गर्दीच्या वस्तीत वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांचीच खेचाखेची असते, तेव्हा जवळच्या फोनांना 5 गिगाहर्ट्झवर टाका. सोबत 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यायला लावा. दिवे गेले तरी गल्लीतल्या वायरला वीज लागत नाही हे विसरू नका, घरचा डबा आणि राउटर चालू राहिला की नेट चालू.

सरकारी व्याख्येत 2023 पासून 2 एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. त्या आकड्यावर प्लॅन विकू नका. मुलाचा क्लास आणि नवऱ्याचा सामना एकाच वेळी सुरू झाला की फोन मलाच येतो.

फोन हाच या धंद्याचा कणा आहे. तक्रार घेणारी बाई वस्तीतलीच हवी, आणि तिला घरातल्या डब्यावरचे दोन दिवे ओळखता आले पाहिजेत. "ताई, लाल लागलाय" म्हणजे उजेडच येत नाही: वायर तुटली, वळली किंवा कनेक्टर निघालं. एकाच फांदीवरून तीन घरांचे फोन आले तर माणसाला घरी न पाठवता थेट पेटीकडे पाठवा. लाल नाही, पॉनचा हिरवा स्थिर आहे, तरी नेट नाही, तर बहुतेक बिल संपलंय किंवा राउटरचा पासवर्ड बदललाय. "बंद करून चालू करा" एवढं सांगून फोन ठेवू नका. दिव्याचा रंग विचारा. वसुली पगाराच्या हिशोबाने, सात ते दहा तारखेला. डबा-राउटरची अनामत आधी घ्या आणि पावतीवर डब्याचा सिरीयल नंबर लिहा, कारण भाडेकरू खोली सोडताना राउटरही घेऊन जातात.

पीएम-वाणीला केंद्राच्या मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 ला मंजुरी दिली. चहावाला, किराणावाला, अभ्यासिका कोणीही वायफाय विकू शकतं, त्यासाठी परवाना किंवा नोंदणी लागत नाही. फक्त नोंदणी असलेल्या ॲग्रीगेटरशी (अशी बरीच दुकानं एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी) जोडून घ्यायचं, ग्राहकांची ओळख आणि हिशोब तो बघतो. आधी अडचण अशी की अशा दुकानाला कंपन्या महागडी लीज लाइन (धंद्यासाठीचं स्वतंत्र कनेक्शन) घ्यायला सांगायच्या. जून 2025 मध्ये ट्रायने (टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने) आदेश काढला: 200 एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीएम-वाणीवाल्यांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग द्यायचे नाहीत. कनेक्शन मागताना हा आदेश तोंडपाठ ठेवा, काउंटरवरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

ज्या घरांना महिन्याचं बिल झेपत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो. जागा शक्यतो अभ्यासिका किंवा बचत गटाची खोली घ्या. नाक्यावरच्या टपरीत मुली बसत नाहीत. त्या खोलीला फांदीवरचं पहिलं बोट द्या, यूपीएस मोठा लावा, आणि बंद-चालूची जबाबदारी जिच्याकडे खोलीची किल्ली आहे तिलाच सोपवा.