नवी गाडी की थोडी वापरलेली: निर्णयाचा हिशेब कसा मांडावा

नवी गाडी घ्यावी की दोन-तीन वर्षे वापरलेली, हा प्रश्न पडला की बहुतेक जण दोन्हींच्या किमती शेजारी शेजारी लिहितात आणि त्यांतील फरक म्हणजेच आपली बचत, असे धरून चालतात. हा हिशेब अपुरा आहे. गाडीवर होणारा खरा खर्च म्हणजे खरेदीची रक्कम वजा ती विकताना हाती येणारी रक्कम, आणि त्यात मधल्या वर्षांचे कर्जाचे व्याज, विमा, देखभाल व दुरुस्ती. इंधनाचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच येत असल्याने तो बाजूला ठेवता येतो. म्हणून शोरूममध्ये किंवा विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावे: ही गाडी मी किती वर्षे ठेवणार आहे? पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या उत्तरावर उभे राहतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण मांडणी कोणत्याही गाडीला लागू पडते. नव्या गाडीची किंमत १०० माना. तेच मॉडेल दोन वर्षे वापरलेले ७५ ला मिळते. दोन्ही गाड्या आपण पाच वर्षे वापरणार आहोत. पाच वर्षांनी नवी गाडी ४५ ला विकली गेली, तर तिच्यावर ५५ गेले. वापरलेली गाडी तोपर्यंत सात वर्षांची झालेली असेल. ती ३२ ला गेली, तर तिच्यावर ४३ गेले. मात्र तिला मधल्या काळात टायर, बॅटरी, ब्रेकचे भाग, कदाचित क्लच असा जादा खर्च येणार. तो ६ धरला तर ४९ होतात. रोख पैसे मोजणाऱ्याला वापरलेल्या गाडीत ६ वाचले. किमतीतला फरक २५ होता, हे येथे लक्षात घ्यावे.

आता हीच खरेदी कर्जाने करू. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्या गाडीपेक्षा जास्त असतो. दोन्हीकडे किमतीच्या ८० टक्के कर्ज पाच वर्षांसाठी घेतले, नव्या गाडीला दर ९ टक्के आणि वापरलेल्या गाडीला १३ टक्के लागला, तर नव्या गाडीच्या ८० च्या कर्जावर सुमारे १९.६ व्याज जाते आणि वापरलेल्या गाडीच्या ६० च्या कर्जावर सुमारे २१.९. म्हणजे मुद्दल कमी असूनही व्याज जास्त. एकूण खर्च नव्या गाडीवर ७४.६ आणि वापरलेल्या गाडीवर ७०.९ येतो, आणि पाच वर्षांत वाचलेले ३.७ एका मोठ्या दुरुस्तीत संपू शकतात. तीच वापरलेली गाडी ७५ ऐवजी ६५ ला मिळाली असती, तर तिचा एकूण खर्च ५८ वर आला असता आणि मग निर्णयाबद्दल शंकाच उरली नसती.

या उदाहरणातून एक उपयोगी मोजपट्टी निघते. गाडीच्या एकूण उपयुक्त आयुष्याचा किती भाग खर्ची पडला आहे आणि किंमत किती टक्क्यांनी उतरली आहे, हे दोन आकडे काढावेत. आयुष्य बारा वर्षांचे मानले, तर दोन वर्षे म्हणजे सुमारे १७ टक्के. ही वापरून झालेली वर्षे सर्वांत निर्धोक, वॉरंटीखालची आणि बिनदुरुस्तीची असतात, म्हणून किमतीतली उतार आयुष्यातल्या उतारापेक्षा बरीच जास्त, माझ्या मते किमान दीडपट, असायला हवी. येथे ती २५ टक्क्यांच्या आसपास येते. किंमत १० ते १५ टक्केच उतरलेली असेल, तर वापरलेली गाडी घेण्यात आर्थिक अर्थ नाही, नवीच घ्यावी. ज्या मॉडेलला मागणी फार आहे किंवा ज्याच्या नव्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबावे लागते, त्याच्या बाबतीत असे हटकून घडते.

किंमत सुरुवातीच्या वर्षांत इतकी झपाट्याने का उतरते, हे समजून घेतले तर खरेदीदाराला आपली ताकद कशात आहे तेही कळते. लोखंड आणि यंत्र एका वर्षात तेवढे झिजलेले नसते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विक्रेत्याला गाडीचे दोष माहीत असतात आणि खरेदीदाराला नसतात. त्यामुळे खरेदीदार प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि चांगल्या गाडीलाही पूर्ण किंमत देत नाही. माहितीच्या या विषमतेवरील अभ्यासासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्यासाठी त्यातून निघणारा अर्थ असा की, वापरलेल्या गाडीवर मिळणारी सूट ही बऱ्याच अंशी अज्ञानाची भरपाई असते. ते अज्ञान जो कष्टाने दूर करतो, त्याच्यासाठीच ती सूट बचत ठरते. ज्याला तपासणीसाठी वेळ नाही आणि ती दुसऱ्याकडून करून घेण्याची तयारीही नाही, त्याने वापरलेल्या गाडीच्या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

नवी गाडी कोणाला योग्य

जो दहा-बारा वर्षे एकच गाडी ठेवणार आहे, ज्याचा वार्षिक प्रवास मोठा आहे, ज्याला कर्ज घ्यावेच लागणार आहे आणि नव्या गाडीचा व्याजदर लक्षणीय कमी मिळतो आहे, त्याने नवी गाडी घेणे शहाणपणाचे आहे. सुरुवातीचा घसारा, म्हणजे किमतीतली घट, इतक्या वर्षांवर विभागला जातो की तो जाचत नाही, आणि पहिल्या किलोमीटरपासून गाडी कशी चालवली गेली, तेल कधी बदलले गेले, हे सगळे आपल्याला माहीत असते. ज्या कुटुंबाला गाडी अचानक बंद पडणे परवडणारच नाही, उदाहरणार्थ घरात नियमित उपचार घेणारी व्यक्ती असेल, त्यांनीही वॉरंटीला पैशांपेक्षा जास्त वजन द्यावे.

नव्या गाडीतही एक सावधगिरी हवी. संपूर्ण नव्याने आणलेल्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांतल्या गाड्यांमध्ये लहानसहान दोष निघण्याची शक्यता जास्त असते. थोडे थांबलेले बरे. उलट, ज्याची पुढची आवृत्ती लवकरच येणार आहे अशा मॉडेलवर चांगली सूट मिळते आणि दहा वर्षे गाडी ठेवणाऱ्याला ते मॉडेल जुने ठरण्याचे फारसे नुकसान होत नाही. ताबा घेण्यापूर्वी गाडीवरील उत्पादनाचा महिना पाहावा, कारण बराच काळ आवारात उभी राहिलेली गाडीही नवी म्हणूनच विकली जाते.

सुरक्षिततेचा मुद्दा मी वेगळा काढतो, कारण तो पैशांच्या हिशेबात बसत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन-तीन वर्षांच्या अंतराने एअरबॅगची संख्या आणि घसरताना गाडी ताब्यात ठेवणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य प्रणाली यांत मोठा फरक असू शकतो. धडक-चाचणीच्या तारांकनाकडे पाहताना ते कोणत्या वर्षाचे आहे हेही पाहावे. १९९७ पासून चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करणारी युरो एनकॅप ही संस्था आपले निकष वेळोवेळी कडक करत आली आहे, त्यामुळे जुने पाच तारे आणि आजचे पाच तारे यांची थेट तुलना होत नाही. बचत करताना स्थैर्य प्रणाली आणि पडदा एअरबॅग (खिडक्यांच्या बाजूने पडद्यासारख्या उघडणाऱ्या) सोडून देऊ नयेत. त्यापेक्षा एक पायरी लहान गाडी घ्यावी.

वापरलेली गाडी निवडताना

माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला पर्याय म्हणजे एकाच मालकाची, दोन ते चार वर्षांची, सर्व्हिसिंगची संपूर्ण नोंद असलेली आणि उत्पादकाची वॉरंटी थोडी शिल्लक असलेली गाडी. वॉरंटी नव्या मालकाकडे आपोआप जाते की त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि सर्व्हिसिंग चुकल्यामुळे ती रद्द तर झालेली नाही ना, हे उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडूनच विचारून घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आधी कागद, मग गाडी, हा क्रम पाळावा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि विकणारा तोच आहे का, गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक आहे का, विम्याचे मोठे दावे झाले आहेत का, हे पाहावे. गाडीचा १७ अक्षरांकांचा ओळख क्रमांक कागदावर, चासीवर आणि दाराच्या किंवा काचेजवळच्या पट्टीवर तंतोतंत सारखा असला पाहिजे. त्याच क्रमांकावरून उत्पादकाने दोष दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांच्या यादीत ही गाडी आहे का आणि ती दुरुस्ती झाली आहे का, तेही तपासता येते. हे औपचारिक काम समजू नये: ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्या एअरबॅग फुटून धातूचे तुकडे उडाल्याने माणसे दगावली आहेत.

ओडोमीटरवरचा आकडा हा एक दावा आहे, पुरावा नव्हे. तो सर्व्हिसिंगच्या प्रत्येक नोंदीतील किलोमीटरशी ताडून पाहावा. पेडलचे रबर, स्टीअरिंगचे आवरण, चालकाच्या आसनाची बाहेरची कड आणि गिअरची मूठ यांची झीज सांगितलेल्या किलोमीटरशी जुळते का, ते बघावे. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांत पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. १५२३ म्हणजे २०२३ चा पंधरावा आठवडा. कमी चाललेल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दोन वर्षांच्या गाडीचे चारही टायर नुकतेच बनलेले असतील, तर कारण विचारावे.

अपघाताच्या खुणा दिवसाच्या उजेडात शोधाव्यात. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, रंगाच्या छटेत फरक आहे का, बॉनेट आणि पुढच्या मडगार्डच्या बोल्टवर पाना लावल्याचे ओरखडे आहेत का, हे पाहावे. बंपरवरचा ओरखडा मनावर घेऊ नये. मात्र चासीच्या मुख्य सांगाड्यावर वेल्डिंग दिसले तर गाडी कितीही स्वस्त असली तरी ती सोडावी. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेषा शोधावी, आसनांखालचे रूळ गंजले आहेत का पाहावे आणि गालिच्याखाली ओल किंवा कुबट वास येतो का तपासावे. अशा गाडीचे विद्युत दोष वर्षानुवर्षे उद्भवत राहतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. आपण पोहोचण्यापूर्वीच ते गरम केलेले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, आत झिरपत असण्याची शक्यता. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी रेडिओ बंद ठेवून खडबडीत रस्त्यावरही न्यावे, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का आणि गिअर बदलताना हिसका बसतो का, ते पाहावे. त्यानंतर, गाडी पसंत पडली तरीही, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून ती उचलून खालून तपासून घ्यावी आणि संगणकीय निदान यंत्र जोडायला सांगावे. दोषांच्या नोंदी नुकत्याच पुसल्या असतील, तर गाडीच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण असल्याचे ते यंत्र दाखवते. तपासणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

विद्युत गाडीत सगळे लक्ष बॅटरीवर द्यावे. तिची उरलेली क्षमता अधिकृत केंद्राकडून लेखी घ्यावी. बॅटरीची वॉरंटी अनेक उत्पादक आठ वर्षांपर्यंत देतात, आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जात असेल तर तीन वर्षे वापरलेली विद्युत गाडी खरोखर आकर्षक ठरू शकते. डिझेल गाडी मात्र मुख्यतः छोट्या अंतरांसाठी वापरली गेली असेल तर तिच्या धूर-गाळणीत काजळी साचलेली असू शकते, आणि ती बदलणे महागात पडते.

तपासणीत सापडलेल्या प्रत्येक कामाचा खर्च लिहून काढावा आणि तो किमतीतून वजा करण्याची मागणी करावी. मग सुरुवातीचा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडावा. फरक अगदीच थोडा राहिला तर नवी गाडी घ्यावी. वापरलेली गाडी घेतली, तर विमा आपल्या नावावर सुरू झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये, नोंदणीचे हस्तांतर लगेच करून घ्यावे, दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन तेल, त्याचा फिल्टर आणि ब्रेकचे तेल बदलून, त्या दिवशीचे किलोमीटर वहीत नोंदवून ठेवावेत.