आरएस-४८५ वर मॉडबस अधूनमधून तुटणे : माझा अनुभव

रत्नागिरीजवळच्या एका बर्फ कारखान्यात पीएलसीला (यंत्रे चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आरएस-४८५ या ए आणि बी अशा दोन तारांच्या जोडणीवरून मॉडबस आरटीयू या संदेशपद्धतीने जोडलेले व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि एनर्जी मीटर कॉम्प्रेसर सुरू होताच टाइमआउट (वेळेत उत्तर न येणे) दाखवत, आणि शेवटच्या पॅनेलमधला मीटर बहुधा उत्तरच देत नसे. बॉड रेट (संदेश पाठवण्याचा वेग) १९२०० वरून ९६०० वर आणला, पीएलसीचे कम्युनिकेशन कार्ड बदलले. फरक पडला नाही. जीव मेटाकुटीला आला होता.

अखेर सर्व उपकरणांचा पुरवठा बंद करून ए आणि बी तारांमधला रोध मोजला. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेला रोधक) असेल तर ते समांतर जोडलेले असल्याने सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. येथे ४० दिसले, म्हणजे तिसरा टर्मिनेटर कुठेतरी लागलेला होता. तो मधल्या व्हीएफडीच्या डिप स्विचवर (सर्किट बोर्डावरचा छोटा स्विच) सापडला. स्विच बंद करताच वाचन ६० वर आले. मात्र टर्मिनेटर नेमके टोकांनाच आहेत, हे या आकड्यावरून कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

त्यानंतर जंक्शन बॉक्समधून शेवटच्या मीटरकडे फुटलेला लांब फाटा काढून केबल एका उपकरणातून पुढच्या उपकरणात अशी सलग नेली. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली तारांची टोके चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून नवे लग (तारेच्या टोकाचे धातूचे जोड) क्रिंप केले, म्हणजे दाबून बसवले. शील्ड (केबलमधले तारांभोवतीचे धातूचे आवरण) सगळीकडे अखंड जोडून अर्थिंग फक्त पीएलसीच्या बाजूला दिले, आणि केबल मोटरच्या पॉवर केबलच्या ट्रेमधून काढून स्वतंत्र ट्रेमध्ये टाकली.

आता १९२०० वरही कॉम्प्रेसर सुरू होताना एकही टाइमआउट येत नाही.