मंडळाच्या प्रायोजकांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये कशी ठेवावी

मंडळ गिरगावातलं असो की मुलुंडचं, प्रायोजकांची खरी यादी बहुतेक वेळा एकाच माणसाच्या डोक्यात असते. कोणत्या दुकानदाराला रात्री आठनंतरच भेटायचं, स्मरणिकेचं मागचं पान दरवर्षी कोण घेतं, पावती वडिलांच्या नावे कोणाला हवी असते. चाळ पुनर्विकासाला गेली आणि तो माणूस बदलापूरला राहायला गेला, की मंडळाला पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागतं.

आमच्या मंडळाचंही तसंच झालं. दादरच्या एका साडीवाल्यांकडे एकाच आठवड्यात आमचे दोन कार्यकर्ते दोन पावतीपुस्तकं घेऊन पोहोचले. दुसरा मी होतो. त्यांनी गल्ल्याखालून आदल्या वर्षीची स्मरणिका काढली आणि त्यांच्या जाहिरातीचं पान माझ्यापुढे धरलं. त्यावर दुकानाचा जुना फोन नंबर होता. “बदलून सांगितला होता मी,” एवढंच ते म्हणाले. सांगितला होताच, पण ऐकणाऱ्याने कुठे लिहून ठेवला नव्हता. त्यानंतर आम्ही ग्राहक व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, वापरायला घेतलं.

विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात सुरुवात करा, कारण तेव्हा सगळ्यांच्या आठवणी ताज्या असतात. पावत्यांच्या स्थळप्रती, बँकेचं पासबुक आणि गेल्या तीन वर्षांच्या स्मरणिका घेऊन खजिनदारांसोबत बसा. एक्सेलमध्ये साधा तक्ता करा: दुकान किंवा कंपनी, भेटायची व्यक्ती, मोबाइल, पत्ता, वर्ष, रक्कम, कशासाठी. नावं एकाच लिपीत लिहा, नाहीतर एकच माणूस दोनदा नोंदला जातो. फोनच्या रकान्याचा प्रकार आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा; नाहीतर ०२२ ने सुरू होणाऱ्या नंबरचं पहिलं शून्य उडतं. सॉफ्टवेअरमध्ये चढवण्यासाठी ही फाइल सीएसव्ही या साध्या प्रकारात जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. तो राहिला की मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि सगळी मेहनत फुकट जाते.

सॉफ्टवेअर निवडण्यात फार वेळ घालवू नका. झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती ३ जणांना वापरता येते आणि छोट्या मंडळाला तेवढी पुरते. सिव्हीसीआरएम खास सामाजिक संस्थांसाठी बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. देणग्या, सभासद, कार्यक्रम सगळं त्यात बसतं, पण ते वेबसाइटवर बसवून सांभाळायला कोणीतरी जाणकार लागतो.

पुढची पायरी: दुकान आणि माणूस यांची नोंद वेगळी ठेवून एकमेकांशी जोडा. बँकेच्या शाखेतले मॅनेजर बदली होऊन जातात, शाखा तिथेच राहते. साहेब नवे आले तर फक्त जोडलेलं नाव बदलायचं, आधीचा इतिहास शाखेच्या नावावर शाबूत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झोहोसारखी सॉफ्टवेअर्स मुळात कंपन्यांच्या विक्रीच्या कामासाठी बनलेली असतात, त्यामुळे व्यवहार ठरला की त्यांच्या लेखी काम संपतं. मंडळाचं अर्धं काम तिथून पुढे सुरू होतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन टप्प्यांची नावं आपली द्या: विचारायचं आहे, भेट झाली, होकार मिळाला, पैसे जमा, शब्द पाळला, आभार मानले. ‘शब्द पाळला’ हा टप्पा अजिबात गाळू नका. कमानीवर नाव, स्मरणिकेत पूर्ण पान, आरतीचा मान, जे कबूल केलं असेल ते त्या नोंदीतच लिहा. लागलेल्या फलकाचा फोटोही तिथेच जोडा.

रकमेसाठी ‘देणगी’, ‘जाहिरात’ आणि ‘वस्तुरूप’ असे तीन प्रकार करा. कोणी महाप्रसादाचा तांदूळ देतं, कोणी मंडपाला ताडपत्री देतं; त्यांचीही नोंद झालीच पाहिजे. देणगी आणि जाहिरात मात्र एकत्र करू नका. संस्थेकडे ८०-जी ची मान्यता असेल तर देणगीदाराला आयकरात वजावट मिळू शकते, पण २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर मिळत नाही. जाहिरातीचे पैसे हा दुकानदाराचा धंद्याचा खर्च असतो, त्याला ८०-जी ची पावती फाडायची नाही. प्रकार आधीच वेगळा ठेवला की वर्षाअखेरीला हिशेब तपासनिसांसमोर अडचण येत नाही.

मग घरच्या शिस्तीसारखा एक नियम करा: भेट झाली की त्याच रात्री नोंद. दोन ओळी पुरतात. “मालक भेटले नाहीत, धाकटे भाऊ म्हणाले गुरुवारी या.” पुढची तारीख टाकली की सॉफ्टवेअर आठवण करून देतं. प्रत्येक प्रायोजकासमोर एकाच कार्यकर्त्याचं नाव ठेवा, म्हणजे दोन पावतीपुस्तकं एकाच दारात जाणार नाहीत. कंपन्यांना एप्रिल-मेमध्येच पत्र द्या, कारण त्यांचं वर्षाचं अंदाजपत्रक तेव्हा नवं असतं. बाजारपेठेतल्या दुकानदारांसाठी आषाढापासून फेऱ्या लावल्या तरी चालतात.

लोकांनी नंबर विश्वासाने दिलेले असतात. पूर्ण यादी उतरवून घ्यायची परवानगी दोघांनाच द्या, आणि पद सोडलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. महिन्यातून एकदा सगळी माहिती उतरवून मंडळाच्या, कोणाच्या घरच्या नव्हे, अशा ड्राइव्हवर ठेवा.

उत्सव संपल्यावर स्मरणिका घेऊन प्रत्येक प्रायोजकाकडे जा आणि त्यांचं पान त्यांना उघडून दाखवा. नंबर, पत्ता, नाव बरोबर आहे का ते विचारा. चूक निघाली तर तिथेच उभं राहून मोबाइलवरून नोंद दुरुस्त करा आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या फोनची तारीख लावूनच दुकानाची पायरी उतरा.