लंडनला एका सत्रासाठी जाताना

मी २०२४च्या सप्टेंबरअखेर लंडनला पोचले आणि डिसेंबरच्या मध्यात परतले. कागदावर त्याला सेमिस्टर म्हणतात, पण शिकवणीचे आठवडे हातात येतात जेमतेम अकरा-बारा. म्हणून कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते, की निघण्याआधी सगळा हिशेब आठवड्यांत मांडा. ते शहरही आठवड्यांतच हिशेब करतं.

सुरुवात भाड्यापासून. खोलीच्या जाहिरातीत बहुतेकदा आठवड्याचं भाडं लिहिलेलं असतं. २०० पौंड दिसले की आपण मनातल्या मनात चारने गुणतो आणि महिन्याला ८०० धरतो. मीही तसंच धरलं होतं. पण २०० गुणिले ५२ भागिले १२ करून बघा, ८६७च्या आसपास जातं. तीन महिन्यांत असे दोनशे पौंड वाढतात, आणि तेवढ्यात माझा कित्येक आठवड्यांचा किराणा झाला असता. वीज, गॅस आणि इंटरनेट भाड्यात धरलेलं आहे का, हेही लेखी विचारून घ्या.

खोली शोधताना भाडं आणि प्रवास एकाच ओळीत लिहा. ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं, तिकीट झोननुसार ठरतं, झोन १ अगदी मधला. झोन ४मधली खोली स्वस्त दिसते, पण रोजचं तिकीट आणि जाण्यायेण्याचा वेळ मिळवला की तिचा फायदा बराच कमी होतो. बारा आठवडे रोज दीड तास गाडीत घालवायला आपण एवढ्या लांब जात नाही. माझं मत विचाराल तर खोली लहान घ्या, पण कॉलेजला चालत जाता येईल अशी घ्या. वसतिगृह मिळत असेल तर उत्तमच. फक्त तिथले बरेच करार पूर्ण शैक्षणिक वर्षाचे असतात, तेव्हा एका सत्राचा करार देतात का, हे प्रवेश पक्का होत असतानाच विचारा.

बाहेर खोली घेणार असाल तर एक कायदा पाठ करून ठेवा. इंग्लंडमध्ये २०१९च्या टेनंट फीज कायद्याप्रमाणे वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर भाडेकरूकडून पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि खोली राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. माझ्याकडे एकाने दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं होतं, तेही खोली न दाखवता. मी पाच आठवड्यांचा नियम कळवला, त्यानंतर त्याचा मेलच आला नाही. आधी कुणीतरी ओळखीच्या माणसाने खोली प्रत्यक्ष पाहावी, मगच पैसे पाठवावेत.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण नोकरी अजिबात करता येत नाही, पगारी इंटर्नशिपही नाही. खर्चाचा काही भाग तिथे कमवायचा विचार असेल तर स्टुडंट व्हिसाबद्दल आणि त्यावर किती तास काम करता येईल याबद्दल विद्यापीठाला अर्ज करण्याआधीच विचारा. तिथे पोचल्यावर व्हिजिटरचा स्टुडंट करून मिळत नाही.

आता रोजचा प्रवास, कारण पैसे नकळत जातात ते इथे. बस आणि ट्यूबला काँटॅक्टलेस कार्ड किंवा फोन टेकवला की चालतं, आणि दिवसाला, तसंच सोमवार ते रविवार अशा आठवड्याला, एक कमाल मर्यादा असते. तिच्यापुढे पैसे कापले जात नाहीत. पण ही मर्यादा एकाच वस्तूवर मोजली जाते. पहिल्या आठवड्यात मी सकाळी फोन टेकवायचे आणि संध्याकाळी बॅटरी उतरली की पाकिटातलं कार्ड. खातं एकच, कार्डही तेच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे प्रवासी होते, आणि दोघांपैकी कुणीच मर्यादेपर्यंत पोचलं नाही. तेव्हा एकच काय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. ट्यूबमधून उतरल्यावर बाहेर पडताना पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्तीत जास्त भाडं लागतं. बसला मात्र चढतानाच टेकवायचं.

बस हा माझा खरा आधार होता. तेव्हा एका फेरीला १.७५ पौंड लागायचे, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी वेगळे पैसे पडत नसत. ट्यूबच्या नकाशावर मात्र विसंबू नका. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं त्यात लांब लांब दिसतात, प्रत्यक्षात तीनशे मीटरही अंतर नाही. पायी चला, वरचं शहर कळतं.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, पौंडात की तुमच्या देशाच्या चलनात? दर वेळी पौंडच निवडा. किराणा मोठ्या दुकानातून आणा, कोपऱ्यावरच्या छोट्या शाखेत बऱ्याच वस्तू महाग असतात. रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात, हेही लक्षात असू द्या.

अभ्यासाबाबत एकच गोष्ट निघण्याआधी विचारा. काही विषयांची परीक्षा मे महिन्यात असते, तेव्हा तुम्ही परत आलेले असाल. सत्राच्या विद्यार्थ्यांसाठी त्याऐवजी निबंध आहे का, आणि ते क्रेडिट आपल्या कॉलेजात धरले जातील का, दोन्ही उत्तरं मेलवर घ्या.

आणि हा सगळा हिशेब कशासाठी, तर जे फुकट मिळतं त्यासाठी वेळ मोकळा राहावा म्हणून. सेंट पॅन्क्रसजवळच्या ब्रिटिश लायब्ररीचा रीडर पास विनाशुल्क मिळतो. वाचनालयात पेन चालत नाही. बॅग लॉकरमध्ये ठेवायची आणि पेन्सिल, वही, लॅपटॉप पारदर्शक पिशवीत घालून आत जायचं. पहिल्याच दिवशी मी ती पिशवी छातीशी धरून काचेच्या उंच मनोऱ्यासमोर उभी राहिले. आत तिसऱ्या जॉर्ज राजाचा ग्रंथसंग्रह आहे, कातडी बांधणीची पुस्तकं मजल्यांमागून मजले. जेवायलाही मी तिथेच थांबायचे, नजरेसमोर तो मनोरा ठेवून.

ट्रफाल्गर स्क्वेअरमधलं चित्रसंग्रहालय, नॅशनल गॅलरी, दर शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि तिथला कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही. मी दर शुक्रवारी एकच चित्र बघायचं ठरवलं होतं. यान व्हॅन आयक या चित्रकाराच्या, १४३४च्या आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रापुढे तर मी चार शुक्रवार गेले. त्यात जोडप्याच्या मागे भिंतीवर एक छोटा बहिर्गोल आरसा आहे. खूप वेळ बघितलं की त्यात दारातून आत येणारी दोन माणसं दिसतात. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, तेव्हा अशी एखादी उजेडाची, ऊबदार जागा आधीच हेरून ठेवा. माझी ठरलेली होती. शेवटच्या शुक्रवारी भराभरा बॅग भरून मी ट्रफाल्गर स्क्वेअरच्या बसमध्ये बसले, त्या आरशाचा निरोप घ्यायला.